नारळपाणी, हेरिंग आणि तुळशीचं पान

मच्छीमार नगरात मी जाते ती बोंबलांसाठी. पाठीशी कफ परेडचे टॉवर, समोर समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही कोळ्यांची वस्ती. ओढून ठेवलेल्या होड्या, नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग, बर्फाची खोकी आणि दारोदारी तुळस. वृंदावन बांधायला इथे जागा आहे कुणाकडे? तुळस असते रंगाच्या रिकाम्या डब्यात, तळ गेलेल्या बादलीत, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात. ज्या मावशींकडून मी वर्षानुवर्षं मासळी घेते, त्यांच्या खिडकीत मागच्या पावसाळ्यात एक काचेचा ग्लास होता. ग्लासात पाणी, पाण्यात तुळशीची वीतभर फांदी, आणि फांदीच्या बुडाला शेवयांसारखी पांढरीशुभ्र मुळं. त्याच पाण्यावर फांदीचं गळून पडलेलं एक पान तरंगत होतं. त्याची कड काळी पडली होती.

तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई मी. जिभेवर आलं ते बोलून गेले. म्हटलं, "मावशी, फांदीला मुळं आली, पानाला का नाही येत?"

मावशींनी पाटावरची नजर वर न करता सांगितलं, "पानाला डोळा कुठे असतो बाय? डोळा असेल तिथूनच फुटतं."

उत्तर चूक नाही. डोळा म्हणजे पान जिथे दांड्याला मिळतं त्या बेचक्यातली कळी. नवा कोंब तिथूनच निघतो आणि मुळंही बहुधा त्या पेरापाशीच धरतात. पानफुटीसारखी थोडी झाडं आपल्या पानाच्या कडेलाच तयार डोळे घेऊन जन्माला येतात, म्हणून तिचं पान वहीत ठेवलं तरी त्याला रोपं फुटतात. तुळशीच्या पानाला तशी सोय नाही. देठासकट पान पाण्यात ठेवलं तर कधीमधी चार मुळं दिसतात, पण पुढे काही होत नाही. पानाचा नुसता तुकडा ठेवला तर तो कुजतो.

तरीही त्या तुकड्याला मुळं फोडता येतात. मी फोडली आहेत. मात्र ते जमण्याआधी पन्नास-पंचावन्न वर्षांचा एक शोध होऊन गेला. तो लागला युरोप-अमेरिकेत, पण त्यात ज्या तीन वस्तू हाताशी आल्या त्या तिन्ही या वस्तीला परक्या नव्हत्या. एक नारळ, दुसरा मासा. तिसरी समुद्रातलं एक शेवाळ.

तुळशीचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहा. तो गोल लागत नाही, चौकोनी लागतो. पानं समोरासमोर जोडीने येतात, फूल वरच्या-खालच्या ओठांसारखं उघडतं. सब्जा, पुदिना, ओव्याचं पान, सगळी याच कुळातली. युरोपात शेताच्या बांधावर याच कुळातलं लॅमियम नावाचं जांभळ्या फुलांचं एक तण माजतं. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात गोटलीब हाबरलांट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली जे प्रयोग छापले, त्यातलं मुख्य पान या तणाचं होतं. म्हणजे गोष्टीची सुरुवात तुळशीच्या चुलत बहिणीपासून झाली असं म्हणायला हरकत नाही.

पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली खांबांसारख्या उभ्या पेशींची एक रांग असते. हाबरलांटने त्या पेशी सुट्या केल्या आणि क्षार व साखर घातलेल्या पाण्याच्या थेंबात ठेवल्या. त्याचा कयास साधा आणि फार धाडसी होता. अख्खं झाड जर एका पेशीपासून वाढतं, तर पानातल्या कुठल्याही पेशीला अख्खं झाड होणं ठाऊक असलं पाहिजे. तिला फक्त मोकळं करायचं आणि खाऊ घालायचं. पेशी महिनाभर जगल्या. फुगल्या, आकाराने कितीतरी पटींनी मोठ्या झाल्या, पोटात पिठूळ साठा धरला. पण एकाही पेशीच्या दोन झाल्या नाहीत.

हे अपयश त्याने लपवलं नाही, छापलं. वर पुढे काय करून पाहावं याचे दोन-चार तोडगेही लिहून ठेवले. त्यातला एक असा, की बीजाच्या गर्भाभोवती जो द्रव असतो तो या पेशींना घालून पाहावा. असा द्रव ओंजळीने मिळेल असं फळ ग्राट्सच्या बाजारात नव्हतं. नारळातलं पाणी म्हणजे तोच द्रव. पण तो धागा जुळायला आणखी एकोणचाळीस वर्षं जायची होती.

१९०२ या वर्षाकडे मुंबईतून पाहिलं तर निराळंच दिसतं. १८९६ पासून शहरात प्लेग होता. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा बाटल्यांच्या बाटल्या लस बनवत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती लस १०७ जणांना टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांची लस ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. ठपका परळवर आला, हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पुढे कागद उलगडत गेले तसं दिसलं, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. १९२५ पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

या हकिगतीचा तुळशीशी काय संबंध असं कुणी विचारेल. बाटलीत ऊती वाढवण्याचं सगळं काम त्या पडलेल्या चिमट्याभोवती फिरतं. साखरेचं पाणी मांडलं की पहिला पाहुणा कोण येणार हे ठरलेलं असतं: बुरशी आणि जंतू. पानाची पेशी दोनाची चार व्हायला आठवडे लावते, जंतूला अर्धा तास पुरतो. मुलकोवालला माणसं मेली म्हणून ते इतिहासात राहिलं. पानाचे तुकडे मेले की विद्यार्थी नुसतीच बाटली धुतो.

आणि मुलकोवालच्या दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, तुळस त्याच 'टाइम्स'च्या पानावर आली. बेळगावात जन्मलेले, मुंबईत डॉक्टरकी केलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनी पत्र लिहून सांगितलं, की मुंबईत व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, उभी होत होती तेव्हा तिथल्या माणसांना डास फोडून काढत. हिंदू कारभाऱ्यांच्या सल्ल्याने बागेच्या कडेने तुळशी लावल्या, आणि डास हटले, माळ्यांचा तापही गेला. खरं-खोटं त्या डासांना माहीत. पण साहेबाच्या देशी तुळशीची ओळख ही अशी, डास पळवणारं झाड म्हणून झाली. तिच्या पानाच्या पेशीत काय दडलंय हे विचारायची वेळ अजून आली नव्हती.

मधली तीस-पस्तीस वर्षं भराभर सांगते. मुळाची टोकं कापून बाटलीत वाढवायचे प्रयत्न झाले. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइटने टोमॅटोची मुळं झाडाशिवाय वाढवली, आणि तुकडे नव्या द्रवात घालत घालत ती वर्षानुवर्षं वाढत राहिली. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर, आणि अमेरिकेत व्हाइट, अशा तिघांनी आपापल्या जागी ऊतींचे गोळे हवे तितके दिवस वाढवून दाखवले. पण मुळापासून मूळ आणि गोळ्यापासून गोळा. पानापासून मूळ नाही. त्यासाठी आधी हे कळायला हवं होतं, की मावशींच्या ग्लासातल्या फांदीला नेमकं बुडालाच मूळ कोण फोडतं.

ते कळलं हॉलंडमध्ये, ओटच्या कोंबावर. उट्रेख्टला फ्रिट्स वेंट नावाच्या तरुणाने कोंबाचं टोक कापलं की वाढ थांबते हे पाहिलं आणि कापलेली टोकं चायना ग्रासच्या छोट्या वड्यांवर काही वेळ ठेवली. नंतर टोकाऐवजी नुसती वडी त्या थोट्या कोंबावर ठेवली, तर कोंब पुन्हा वाढू लागला. टोकातलं काहीतरी वडीत झिरपलं होतं. त्याला नाव पडलं ऑक्सिन. वेंटचं काम १९२८ मध्ये छापून आलं. १९३४ मध्ये उट्रेख्टलाच कोगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या जातीचा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला. काढला तो माणसाच्या मूत्रातून. पुढल्याच वर्षी हे द्रव्य कलमांना मुळं फोडतं हे सिद्ध झालं, आणि त्याचे प्रयोगशाळेत बनवलेले भाऊबंदही. आज नर्सरीत मुळं फुटायची जी पावडर मिळते ती त्याच घराण्यातली. फांदीच्या शेंड्यात हे द्रव्य तयार होतं, उतरत उतरत कापलेल्या बुडाशी तुंबतं, आणि तिथे मुळं धरतात. गळलेल्या पानाला शेंडा कुठला?

इथे त्या वड्यांविषयी. चायना ग्रास मुंबईकरांना पुडिंगमधून ठाऊक. प्रयोगशाळेत त्यालाच आगर म्हणतात, आणि ते लाल समुद्री शेवाळापासून काढतात. जंतू वाढवायला ते वापरावं ही कल्पना बाईची. रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस नावाचा डॉक्टर जिलेटिनवर जंतू वाढवायचा, आणि उन्हाळ्यात सगळं वितळून पाणी व्हायचं. त्याची बायको फॅनी जॅम-जेली करताना आगर वापरायची. ही युक्ती तिला जावात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांनी सांगितली होती. तिने नवऱ्याला तेच सुचवलं. ही १८८१ ची गोष्ट. सगळ्या जगाच्या प्रयोगशाळा तेव्हापासून एका स्वयंपाकघराच्या देण्यावर उभ्या आहेत, आणि बाईचं नाव कॉख यांच्या शोधनिबंधात नाही.

तीन वस्तूंतलं शेवाळ ते हे. आता नारळ.

१९४१ मध्ये अमेरिकेत योहानेस फान ओव्हरबेक, मारी कॉंक्लिन आणि आल्बर्ट ब्लेक्सली धोतऱ्याच्या बियांतले अगदी कोवळे गर्भ काढून बाटलीत वाढवू पाहत होते. थोडे मोठे गर्भ वाढत, फार कोवळे मरत. क्षार झाले, साखर झाली, जीवनसत्त्वं झाली. शेवटी त्यांनी त्यात नारळपाणी घातलं, आणि ते कोवळे जीव तगले. हाबरलांटने १९०२ साली सुचवलेला तोडगा तोच होता. फक्त त्याच्याजवळ शहाळं नव्हतं. इंग्रजीत त्यांनी याला नारळाचं 'दूध' म्हटलं आणि पुढे कितीतरी शोधनिबंधांत तसंच छापून आलं. आपल्याकडे कुणीही सांगेल, दूध वेगळं आणि पाणी वेगळं. सोलकढीत पाणी घालून चालत नाही. १९४८ मध्ये कॅपलिन आणि स्टीवर्ड यांनी हेच नारळपाणी गाजराच्या तुकड्यांना दिलं, तर ते तुकडे सपाटून वाढले.

पण नारळपाण्यात नक्की काय आहे? विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग या प्रश्नाच्या मागे होते. मूळचे स्वीडिश, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनकडून १५०० मीटर धावलेला हा माणूस आता तंबाखूच्या दांड्याच्या गाभ्याचे तुकडे घेऊन बसला होता. ऑक्सिन दिलं की त्या पेशी फुगत, पण विभागत नसत. नारळपाण्याने विभागत. यीस्टच्या अर्कानेही विभागत. त्या अर्कात काम करणारी वस्तू डीएनएच्या घटकांसारखी वागते असा संशय आला, तेव्हा कार्लोस मिलर या सहकाऱ्याने फळीवरची एक जुनी बाटली उचलली. बाटलीत हेरिंग माशाच्या वीर्यापासून काढलेला डीएनए होता. त्याने पेशी धडाधड विभागल्या. बाटली संपली, नवी मागवली, आणि नव्या बाटलीने काहीच केलं नाही.

या जागी बरेच लोक हात टेकतात. मिलर आणि मंडळींनी उलट विचारलं, की जुन्यात असं काय होतं जे ताज्यात नाही? उत्तर होतं शिळेपणा. ताजा डीएनए वाफेच्या दाबाखाली उकळला, की तोही जुन्यासारखा काम करू लागे. त्यातून जो पदार्थ स्फटिकरूपात हाती आला त्याला १९५५ मध्ये कायनेटिन नाव दिलं.

हेरिंग आपल्या समुद्रात नाही, पण तिच्या कुळातली तारली आहे. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. ताजी मासळी चालली नाही आणि शिळी चालली, असं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी जे छापलं ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं पान आहे. त्यांनी बाटल्यांची रांग लावली. एकीकडून ऑक्सिन वाढवत नेलं, दुसरीकडून कायनेटिन. ऑक्सिनचं पारडं जड तिथे तंबाखूच्या गाभ्यातून मुळं निघाली. कायनेटिनचं जड तिथे कोंब निघाले. दोन्ही तोलात होती तिथे नुसता गोळा वाढत राहिला. मुळासाठी एक खास द्रव्य आणि कोंबासाठी दुसरं, असा शोध कित्येक वर्षं चालला होता. तसं काही नव्हतंच. आमटीत चिंच आणि गूळ दोन्ही लागतात, चव ठरते ती प्रमाणावर, तसंच हे. डोळा नसलेल्या पानालाही डोळा किंवा मूळ करता येतं, फक्त चिंच-गूळ कुणीतरी बाहेरून घालायला हवा.

राहिलं जेवण. स्कूग यांचा विद्यार्थी तोशिओ मुराशिगे हवाईचा. तंबाखूच्या पानाचा रस घातला की ऊती झपाट्याने वाढतात, तेव्हा त्या रसात एखादं अज्ञात संप्रेरक असणार म्हणून तो शोधत होता. शोधता शोधता लक्षात आलं की संप्रेरक वगैरे काही नाही, पानातल्या साध्या क्षारांचाच हा गुण. मग त्याने क्षारांचं प्रमाणच नव्याने बसवलं. १९६२ मध्ये छापलेली ही मुराशिगे-स्कूग पाककृती आजही जगभर तशीच वापरतात; आमच्या कॉलेजात तिला नुसतं 'एमएस' म्हणायचे. लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ते १० ग्रॅम आगर, आम्लता ५.८ च्या आसपास, बाकी क्षारांची यादी.

मी हे पहिल्यांदा केलं ते १९८० च्या दशकात, दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात. निर्जंतुक हवेचं यंत्र नव्हतं. काचेचं तावदान लावलेली लाकडी पेटी होती, तिच्यात स्पिरिटचा दिवा. ऑटोक्लेव्ह म्हणजे घरचाच मोठा प्रेशर कुकर. तुळशीची पानं नळाखाली अर्धा तास धुतली, पाऱ्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात मोजून काही मिनिटं बुडवली, उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा खळबळली. मग दिव्याशेजारी ब्लेडने अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन कापले. मधली शीर तुकड्यात आली पाहिजे, हे सरांचं पालुपद. आमच्यातल्या एकाने बाहेरच्या गाडीवरून शहाळं आणलं. मोजून पाणी बाटल्यांना गेलं, उरलेलं आम्ही प्यालो, मलई ज्याने आणलं त्याने खाल्ली. काही बाटल्यांत ऑक्सिन जास्त. त्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात.

जुलै होता. खोलीचा एसी बिघडला आणि दुरुस्तीचा कागद दोन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. चोवीस बाटल्यांपैकी वीस बाटल्यांत कापसासारखी बुरशी. एकीत हिरवी, एकीत काळी, दिसायला सुरेख. उरलेल्या चारांपैकी दोन पानं नुसती पिवळी पडली. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या दोन बाटल्यांवरचं कापड सोडलं, तर तुकड्याच्या कापलेल्या शिरेपाशी तपकिरी-पांढुरका फुगा आला होता, आणि त्यातून सुईएवढ्या चार मुळ्या खाली आगरात उतरल्या होत्या. मुळ्यांवर बारीक लव. मी भिंगातून पाहत राहिले. तुळशीचं पान, खाली मूळ, वर काहीच नाही.

त्या पेटीसमोर बसणारे आम्ही अर्थातच पहिले नव्हतो. दिल्ली विद्यापीठात पंचानन महेश्वरी यांनी हे शास्त्र देशात रुजवलं, आणि १९६४ मध्ये तिथेच शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून थेट परागकणांची रोपं वाढवून जगाला चकित केलं. मच्छीमार नगराला सर्वांत जवळची मोठी प्रयोगशाळा म्हणजे नेव्ही नगरातली टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे १९६२ मध्ये ओबैद सिद्दिकी जीवशास्त्र घेऊन आले, पण ते जंतूंचं आणि पुढे माश्यांचं, म्हणजे फळमाश्यांचं. पानाचं काम झालं शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुर्भ्याला, अणुसंशोधन केंद्रात.

तुर्भ्याच्या हेबळे, नारायणस्वामी आणि चढ्ढा यांचा एक छोटा निबंध १९६८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. झाड होतं भुईरिंगणी, आपल्या दशमुळांतलं एक. रस्त्याच्या कडेला काट्यांनी भरून पसरलेलं असतं ते. दशमुळांसाठी झाड उपटावंच लागतं. त्यांनी भुईरिंगणीच्या ऊती बाटलीत वाढवल्या आणि त्या ऊतींतून डायोस्जेनिन काढून दाखवलं. त्या काळी डायोस्जेनिनला फार मोल होतं, कारण मेक्सिकोतल्या रानकंदातून काढलेल्या याच द्रव्यापासून संततिनियमनाच्या गोळीतली संप्रेरकं बनत.

इथे मला दर वेळी ग्राट्सचा हाबरलांट आठवतो. त्याचा मुलगा लुडविग इन्सब्रुकला शरीरशास्त्रज्ञ होता. संप्रेरकं देऊन गर्भधारणा तात्पुरती थांबवता येईल, हे सशांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलं ते त्याने, १९२० च्या आसपास. त्याच्यावर खूप टीका झाली. १९३२ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. बापाचं स्वप्न होतं, सुट्या पेशी बाटलीत वाढवायच्या. मुलाचं स्वप्न होतं ती गोळी. दोघांचे धागे तुर्भ्याच्या एका बाटलीत, भुईरिंगणीच्या गोळ्यात, एकत्र आले. तिथे काम करणाऱ्यांच्या हे मनात आलं असेल का, कोण जाणे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मास्करेन्हस, जगन्नाथन आणि मंडळींनी १९८० मध्ये शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून रोपं केली. तिथल्याच नाडगौडा, पाराशरामी आणि मास्करेन्हस यांनी १९९० मध्ये 'नेचर'मध्ये छापलं, की जो बांबू फुलायला माणसाचं अर्धं आयुष्य घेतो, तो बाटलीत काही महिन्यांतच फुलला. त्या बाटलीतही नारळपाणी होतं. तुर्भ्याला बापट, म्हात्रे आणि राव यांनी १९८७ मध्ये तुतीचे डोळे जेलीच्या गोळीत बंद करून त्यांचं 'बी' बनवलं. ही सगळी कामं डोळ्यापासून निघालेली. मावशींचं म्हणणं शास्त्रज्ञांनीही बहुधा पाळलं.

तुळशीच्या बाबतीतही. भुवनेश्वरला पटनायक आणि चांद यांनी १९९६ मध्ये तुळशीची बाटलीतली वाढ छापली तीही डोळ्यांपासूनच. नुसत्या पानापासून कोंब काढला तो अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात फिपेन आणि सायमन यांनी, २००० मध्ये, आणि तोही सब्जाच्या. पान जितकं कोवळं तितकं ते ऐकतं असं त्यांना दिसलं. २००२ मध्ये कोलोरॅडोत हर्ष पाल बैस आणि सहकाऱ्यांनी सब्जाला मुळं फोडायचं काम एका जंतूवर सोपवलं. हा जंतू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग ती पेशी बाहेरून ऑक्सिन न देताही मुळं सोडत सुटते, फांद्याच फांद्या, केसांच्या गुंत्यासारख्या. त्या मुळांत रोजमॅरिनिक आम्ल भरलेलं असतं. आजूबाजूला बुरशीची चाहूल लागली की मुळं ते बाहेर सोडतात, बुरशी आणि जंतू मारायला. म्हणजे मुलकोवालच्या चिमट्यावर जो शत्रू होता, त्याच्यावर बाटलीतली मुळं स्वतःच औषध सोडत होती.

परवा मी मावशींना फोनवर असा एक फोटो दाखवला: गोल चंबूत, द्रवात तरंगणारा पांढऱ्या मुळांचा गुंता. त्यांनी हात पदराला पुसला, फोन हातात घेतला, जवळ नेऊन पाहिला.

"ही तुळस?"

"तुळशीच्या जातीचीच. सब्जा. नुसती मुळं आहेत."

"आणि झाड?"

"झाड नाही. झाड लागतच नाही."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. मग फोन परत देत म्हणाल्या, "मग सकाळचं पाणी कुणाला घालायचं?" आणि बोंबील मोजायला घेतले. खिडकीतल्या ग्लासात फांदी नव्हती; ती खाली रंगाच्या डब्यात गेली होती, आणि डब्याला हळदीकुंकू लागलेलं होतं.